पगार सोडून सांग

आमच्या कंपनीच्या दौंड बसमध्ये कुठलीही सीट कोणाच्या मालकीची नाही, असं कंपनी म्हणते. कंपनीला म्हणू द्या. रांजणगावहून सुटणाऱ्या त्या बसमध्ये प्रत्येकाची सीट ठरलेली आहे, आणि दुसऱ्याच्या सीटवर चुकून बसलेल्या नव्या माणसाकडे सगळे असे काही बघतात की तो बिचारा पुढच्या थांब्यापर्यंत उभाच राहतो. नोकरी सोडणारा शेवटच्या दिवशी बसमध्ये पेढे वाटतो आणि आपली सीट कोणाच्या तरी हवाली करून उतरतो. लेखी काही नाही. पण शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकणारे आमच्याकडचे लोक या वाटणीवरून कधी भांडल्याचं मला आठवत नाही.

दारामागची पहिली सीट गायकवाडताईंची. त्या आमच्या पर्सोनेल ऑफिसर. हल्ली त्याला एचआर म्हणतात, त्यांच्या केबिनवरची पाटीही बदलली होती, पण ताई शेवटपर्यंत 'पर्सोनेल'च म्हणायच्या. राहणार दौंडच्या. वडील रेल्वेत सांधेवाले होते, आणि ताई पुण्याला जाऊन समाजकार्याची पदवी घेऊन आल्या होत्या. उंची बेताची, आवाज मात्र मुळीच बेताचा नाही. ऑफिसात पुण्याचं मराठी बोलायच्या आणि बसची पायरी चढली की आमचं. पर्समध्ये सेफ्टी पिना, बाम आणि लिमलेटच्या गोळ्या कायम. ड्रायव्हर मुलाणीमामांना रोज एक गोळी दिल्याशिवाय त्या सीटवर बसत नसत. मामांना साखरेचा त्रास आहे हे समजल्यावर त्यांनी बडीशेप सुरू केली, पण देणं थांबवलं नाही.

त्यांची मोठी अडचण म्हणजे त्यांच्या लक्षात नावं राहत नसत. पर्सोनेलच्या बाईला नावं आठवू नयेत म्हणजे हद्दच झाली! पण गाव पक्कं लक्षात राहायचं. मी वडगाव रासाईचा, म्हणून मी 'वडगाव'. एकाच गावचे दोघे असले तर 'थोरलं कर्डे' आणि 'धाकटं कर्डे'. मीटिंगमध्ये त्या सहज बोलून जायच्या, "साहेब, न्हावऱ्याचं म्हणणं आहे की कॅन्टीनचा चहा पाणचट असतो." आमचे प्लांट हेड पुण्याचे. त्यांना बरेच दिवस वाटत होतं की न्हावऱ्याच्या ग्रामसभेनं तसा ठराव केलाय. ताईंनी कोणाला नावानं हाक मारली की आम्ही समजून जायचो, काहीतरी गंभीर आहे.

आमच्याकडे मोटारींना लागणारे पत्र्याचे पार्ट बनतात, मोठमोठ्या पॉवर प्रेसवर. पोरं येतात, काम शिकतात, हात बसला की निघून जातात. वरचे साहेब म्हणायचे, शेजारची कंपनी जास्त देते, आपण काय करणार. ताईंना हे पटत नसे. माणूस का जातो, हा त्यांचा ध्यास होता. एखाद्याचा शेवटचा दिवस असला की त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर त्याच्याच थांब्यावर उतरायच्या, टपरीवर दोन चहा सांगायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता पगार सोडून सांग."

पहिला चहा संपेपर्यंत माणूस पगारच सांगायचा. ताई दुसरा मागवायच्या. मग तो घरचं सांगायचा, रात्रपाळीचं सांगायचा, आणि कधीतरी खरं सांगायचा. तोवर बस दौंडला पोचलेली असायची. मग ताई मिळेल त्या वाहनानं घरी जायच्या. कितीतरी वेळा मीच न्हावरा फाट्यावर लावलेल्या माझ्या मोटारसायकलवर त्यांना दौंडच्या वाटेवरच्या पारगावपर्यंत सोडलंय. मी स्टोअरचा माणूस. माझा विश्वास फक्त कुलपावर. एकदा वैतागून मी म्हणालो, "ताई, जाणारा चाललाच की. आता त्याला इचारून काय उपेग?"

"जाणाराच खरं बोलतो रे वडगाव," मागून उत्तर आलं. "ऱ्हाणाऱ्याला भीती असती. खड्डे बघून चालव."

गंमत अशी की खोटं बोलायला शिकवण्याचं खातंही ताईंकडंच होतं. पार्ट घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं वर्षातून तपासणीला यायची. त्याला आम्ही ऑडिट म्हणतो. त्याआधी आठवडाभर कामगारांची तालीम व्हायची. कोणी काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे ताई घोकून घ्यायच्या. आणि त्या जीव ओतून घ्यायच्या, खोटं कशाला बोलू. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासूनच्या त्या. कंपनीला कोणी नाव ठेवलं तर माहेरच्याला ठेवल्यासारख्या उसळायच्या.

घोकंपट्टीतला मुख्य धडा सेन्सरचा. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. थांबलं की वेळ जातो, वेळ गेला की माल कमी निघतो. म्हणून घाईच्या आठवड्यात सेन्सरला बायपास मारायचा, म्हणजे तो बंद करून ठेवायचा, आणि ऑडिटच्या दिवशी परत चालू करायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाच्याही तोंडून निघत नव्हतं.

एका ऑडिटला काय झालं, पाहुणे साहेब हसतमुख होते. प्रेसवर रमेश नावाचा बिहारचा पोरगा उभा होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सहज विचारलं, "क्यों भाई, खाना खाया?"

रमेश ताठ झाला आणि एका दमात म्हणाला, "जी सर, सेन्सर हमेशा चालू रहता है!"

सगळे खो खो हसले. पाहुणेही हसले, आणि आम्हाला पास करून गेले. संध्याकाळी बसमध्ये त्याचीच नक्कल चालली होती. कोणी विचारायचं, "मामा, गाडीत डिझेल हाय का?" की मागून ओरडा व्हायचा, "सेन्सर हमेशा चालू रहता है!" ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणालो, "हसा की ताई." त्या म्हणाल्या, "जेवलास का विचारलं तरी भेदरून खोटं बोलायला शिकवलं मी त्याला. यात हसायचं काय रे?" पुढच्या महिन्यात रमेश काम सोडून गेला. ताईंनी त्याला टपरीवर नेलं तेव्हा तो म्हणाला की त्या दिवसापासून पाहुणे दिसले की तेच वाक्य तोंडात येतं. त्यानंतर ताईंनी तालीम घ्यायचं साफ नाकारलं. साहेबांनी ते काम आमच्या दत्ता थोरातकडे दिलं.

दत्ता म्हणजे ताईंचं 'न्हावरा'. प्रेस लाइनचा सुपरवायझर. माणूस सोन्यासारखा, हे मी आजही म्हणतो. आयटीआय करून आला तो याच कंपनीत. त्याचे वडील अत्यवस्थ होते तेव्हा साहेबांनी स्वतःची गाडी ड्रायव्हरसकट पाठवली होती. ते दत्ताच्या काळजात कोरलं गेलं होतं. कंपनीचा माल कधी उशिरा जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं व्रत. त्याला कोणी सेन्सर बंद कर म्हणून सांगत नसे. सांगायची गरजच नव्हती.

आणि अशाच एका घाईच्या आठवड्यात कविताचा हात प्रेसमध्ये गेला.

कविता पारगावची. बोलायला गोड, कामाला चपळ. उजव्या हाताची दोन बोटं गेली. शिरूरच्या दवाखान्यात तिला नेलं, आणि ती तिथं पडून असतानाच शॉपमध्ये, म्हणजे प्रेस चालतात त्या विभागात, एक गोष्ट तयार झाली. सरकारी निरीक्षक येणार, जबाब घेणार. तेव्हा सगळ्यांनी सांगायचं की सेन्सर चालूच असतो, कवितानं लवकर काम उरकायला स्वतःच तो बंद केला. ही गोष्ट साहेबांनी रचली नव्हती. साहेब केबिनमध्ये डोकं धरून बसले होते. ती दत्तानं रचली आणि दत्तानंच एकेकाला बाजूला घेऊन पाठ करून दिली. "कंपनी वाचली तर आपुन वाचू," एवढंच तो म्हणायचा. म्हणताना त्याचे डोळे तांबारलेले असायचे.

असं झालं असतं तर कविताची नोकरी तर गेलीच असती, आणि आपल्या हातानं आपली बोटं घालवलेली बाई म्हणून गावात आयुष्य काढावं लागलं असतं.

ताई अपघाताच्या वेळी शॉपमध्ये नव्हत्या. त्यांच्या सांगण्याला वजन नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. बोलायचं तर दत्तानंच. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बसमध्ये कधीच कोणी केलं नव्हतं ते केलं. त्या आपली सीट सोडून उठल्या, दत्ताच्या शेजारी बसणाऱ्या धाकट्या कर्ड्याला म्हणाल्या, "तू माझ्या जाग्यावर बस," आणि स्वतः दत्ताशेजारी बसल्या. धाकटं कर्डे ताईंच्या सीटवर अंग चोरून बसलं.

मी त्यांच्या मागच्या सीटवर. म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"सांगणार का?" ताईंनी विचारलं.

"न्हाई," दत्ता म्हणाला.

"बरं." आणि पर्समधून लिमलेटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

रोज हेच. सकाळी येताना, संध्याकाळी जाताना. सांगणार का, न्हाई, बरं, गोळी. दत्तानं मध्येच एक दिवस मोटारसायकलनं यायचं ठरवलं, तर ताई न्हावरा फाट्यावर उतरून त्याच्या गाडीपाशी उभ्या. "चल, मागं बसते." तो मुकाट्यानं गाडी लावून बसमध्ये चढला. बसमधली पोरं आधी हसली, मग त्यांना हसू येईना.

एकदा दत्ता फुटला. "ताई, कंपनीनं माझ्या आबाला गाडी दिली हुती. त्या कंपनीच्या इरुद्ध म्या बोलू?"

"गाडी कंपनीनं दिली. खोटं कंपनीनं मागितलं का तुझ्याकडं?"

"मागायचं कशाला? आपल्याला कळत न्हाई व्हय?"

"तेच म्हणते मी. न मागता देतोयस. मीबी दिलंय, वर्षानुवर्षं. म्हणून तर तुझ्याशेजारी बसायचा हक्क हाय मला." "दत्ता, तुझ्या लायनीवर पोरं का टिकत न्हाईत, ठावं हाय?"

ताईंनी नाव घेतलं तसा मी सावरून बसलो.

"पगार," दत्ता म्हणाला.

"पगार सोडून सांगितलंय त्यांनी मला. तुझ्यावर राग न्हाई कुणाचा. चांगलंच बोलत्यात. फक्त म्हणत्यात, ताई, हितं ऱ्हायलो तर आमचाबी थोरात व्हईल."

दत्तानं तोंड फिरवलं. उतरताना त्यानं गोळी घेतली नाही.

निरीक्षक येण्याच्या आदल्या संध्याकाळी न्हावरा फाटा आला, दत्ता उठला, आणि ताई उठल्याच नाहीत. तो खिडकीकडे, त्या बाहेरच्या बाजूला. "ताई, उतरू द्या." "आज पारगावला उतरायचं." "ताई, लोक बघत्यात." "बघू दे. मामा, चला!" मुलाणीमामांनी आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी काढली. एवढा अडदांड गडी, ताईंना बाजूला सारणं त्याला सहज जमलं असतं. तो खाली बसला. मी फाट्यावर उतरून बस पारगावच्या पुलाच्या दिशेनं जाताना बघत राहिलो.

पुढचं मला कवितानं नंतर सांगितलं. दोघं तिच्या घरी गेली. ती चार दिवसांपूर्वीच दवाखान्यातून आली होती. सासू चहा करायला उठली तर कविता म्हणाली, मी करते, आणि डाव्या हातानं तिनं चहा केला, उजवा पदराखाली धरून. कप दत्ताच्या पुढं ठेवला. ताईंनी ठरवलंच होतं म्हणे, तिथं आपण बोलायचं नाही.

मग कवितानं विचारलं, "दादा, एक इचारू? समदे म्हणत्यात सेन्सर म्याच बंद केला. मला तर आठवना झालंय. म्याच केला आसंन का वो?"

तिला खरंच तसं वाटायला लागलं होतं. दत्ता कप तसाच ठेवून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. ताईंनी मात्र चहा पुरा प्यायला, कवितानं केलेला होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आले. मला केबिनमध्ये बोलावलं होतं, कारण स्टोअरमध्ये सेन्सरचे जादा नग होते का ते सांगायचं होतं. होते, मी सांगितलं. मग दत्ताची पाळी. साहेब निर्धास्त होते. दत्ता म्हणजे आपला माणूस.

दत्तानं टोपी काढून हातात घेतली. "सेन्सर म्या बंद केला, साहेब. तिनं न्हाई. घाईच्या आठवड्यात नेहमीच करतो. मला कुणी सांगितलं न्हवतं. बाकीच्यांनी आधी जे सांगितलं, ते म्याच पढवलेलं हाय."

साहेबांचा चेहरा उतरला. ताई दाराशी उभ्या होत्या, आणि दत्ताचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी चौकट घट्ट धरून ठेवली होती.

निरीक्षक गेले तसे साहेब म्हणाले, "थोरातला आजच्या आज काढा. बाई, कागद करा."

"करते," ताई म्हणाल्या. "आधी माझा करते. घोकंपट्टी मी सुरू केली, त्यानं नंतर घेतली."

"बाई, हा हट्ट सोडा."

"साहेब, तुम्ही मला कायम विचारता, माणसं टिकत का नाहीत. खरं बोलणारा एक माणूस आज तुम्हाला सापडलाय. त्याला काढा, म्हणजे उद्या प्रेसवर काय चाललंय ते तुम्हाला कोणीही सांगणार नाही. तुम्ही इथे बसाल आणि खाली दुसरी एखादी कविता असेल."

साहेब तसे वाईट नव्हते. दत्ताला काही दिवस घरी बसवलं, पद एक पायरी खाली आणलं, पण काढलं नाही. कविताला जे मिळायचं ते मिळालं आणि ती माझ्या स्टोअरमध्ये कामाला आली. तिचं डाव्या हाताचं अक्षर आता माझ्या उजव्यापेक्षा बरं आहे, पण हे मी तिला सांगत नाही. दत्ता परत आला तेव्हा पहिल्याच दिवशी एका प्रेसचा सेन्सर बिघडला. त्यानं प्रेस बंद केला आणि सेन्सर बदलेपर्यंत स्टूल टाकून त्याच्यापुढं बसून राहिला. माल उशिरा गेला. कंपनी बुडाली नाही. त्याच्या लायनीवरची पोरं हल्ली टिकतात, हे खुद्द साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं.

ताईंना मात्र वर्षभरानं बढती मिळाली. पुण्याच्या ऑफिसात, बंद खोलीत, जिथं कामगार म्हणून कोणी औषधालाही नाही. मला इतका संताप आला होता की मी दोन दिवस साहेबांना नमस्कार केला नाही. ताई चिडल्या नाहीत. त्यांनी राजीनामा दिला आणि कुरकुंभच्या एका कारखान्यात मुलाखत देऊन आल्या. तिथं त्यांना विचारलं, आधीची नोकरी का सोडली. "म्हणलं, पगार सोडून सांगते," ताई आम्हाला हसत हसत सांगत होत्या. "समदं सांगितलं. आन् म्हणलं, तुमच्या ऑडिटची तालीम मी घेणार न्हाई, पयलंच सांगून ठेवते. तरी घेतलं की रे!"

शेवटच्या दिवशी त्यांनी बसमध्ये पेढे वाटले. दाराशी उभं राहून त्यांनी हाक मारली, "कविता." पारगाव नाही, कविता. ती पुढं आली. ताईंनी तिला आपल्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागं दत्ताशेजारी जाऊन बसल्या. मुलाणीमामांनी बडीशेप तोंडात टाकून गाडी सुरू केली आणि न्हावऱ्यापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

न्हावरा फाटा आला. मी डबा घेतला, ताईंना नमस्कार केला. काय बोलायचं ते सकाळपासून ठरवलं होतं, आणि म्हणालो काय, तर पेढा चांगला होता. "खड्डे बघून चालव रे," त्या म्हणाल्या. आणि मग, मी पायरीवर असताना, "दिलीप."

सतरा वेळा माझ्या गाडीवर बसल्या असतील, पण माझं नाव त्यांना ठाऊक आहे हे मला तेव्हा कळलं.

खाली उतरून मी वळून पाहिलं, तर दत्ता जागेवरच. मी काचेवर टकटक केली. "दत्ता, फाटा आला की!"

"तू जा," तो खिडकीतून म्हणाला. "म्या दौंडापातूर चाललोय. ताईंच्या थांब्यावर उतरणार. दोन चहा सांगणार." मग त्यानं ताईंकडं तोंड वळवलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असा म्हणाला, "हां ताई. आता पगार सोडून सांगा."

बस हलली. ताई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या, आणि दुसऱ्या हातानं पर्समध्ये गोळी शोधत होत्या. ती त्यांनी दत्ताच्या हातावर ठेवलेली मला दिसली. त्यानं लगेच तोंडात टाकली.